शाळा-कॉलेज न सोडता पहिली अर्धवेळ नोकरी: मुलांनी आणि पालकांनी काय पाहावं

दहावी-बारावीचा शेवटचा पेपर झाला की अनेक घरांत एकच विषय निघतो. मुलगा म्हणतो, "अब्बू, दोन-अडीच महिने घरी बसून काय करू? कुठेतरी कामाला लागतो." आई म्हणते, मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा बरं. वडील म्हणतात, अमुक मामूच्या दुकानात विचारून बघू. आणि सोमवारपासून मुलगा कामाला जातो. पगार किती, वेळ कोणती, जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर काय, हे कोणी विचारलेलं नसतं.

खरी अडचण काम करण्यात नाही, ती या न विचारण्यात आहे. सुट्टीपुरतं धरलेलं काम जूनमध्ये सुटत नाही. हातात पैसे यायला लागलेले असतात, सेठ म्हणतो "आता सीझन आहे, कुठे जातोस", अकरावीच्या वर्गातली हजेरी कमी पडते आणि मग घरात ठरतं की यंदा राहू दे, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून देईल परीक्षा. तो फॉर्म भरणारे थोडे, भरून पास होणारे त्याहून थोडे. आपल्या समाजात मुलगे शाळेतून कसे गळतात याची चर्चा २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालापासून आणि आपल्या राज्यात महमूद-उर-रहमान समितीपासून सुरू आहे. गळती म्हणजे एके दिवशी शाळा सोडणं नव्हे. बहुतेक वेळा ती एखाद्या चांगल्या हेतूने धरलेल्या नोकरीतून हळूहळू होते.

म्हणून हा लेख काम करू नका असं सांगणारा नाही. काम कसं धरावं, कोणतं धरू नये आणि ते शिक्षणावर चढू नये म्हणून काय ठरवून घ्यावं, हे सांगणारा आहे.

कमाईबद्दल आपल्याकडची शिकवण

स्वतःच्या हाताने कमावून खाण्याला इस्लाममध्ये मोठा दर्जा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लहान वयात मक्केच्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या मोबदल्यावर राखल्या, हे सहीह बुखारीत आलं आहे. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदिनेत आले तेव्हा त्यांच्या अन्सारी भावाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, पण त्यांनी फक्त बाजाराचा रस्ता विचारला. ही उदाहरणं आपण जुम्याच्या बयानात ऐकतो.

पण नोकरी धरताना सर्वात उपयोगी पडणारा प्रसंग सूरह कससमध्ये आहे. हजरत मूसा (अ.) मिसरमधून निघून मदयनला पोहोचतात, परक्या गावात, हातात काही नाही. तिथे विहिरीवर दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजतात. त्यांच्यातली एक आपल्या वडिलांना सुचवते की या माणसाला कामावर ठेवा, तो ताकदीचा आहे आणि भरवशाचाही. मग वडील आणि मूसा (अ.) यांच्यात बोलणं होतं. काम किती वर्षांचं, मोबदला काय, मुदत वाढवायची की नाही हे कोणाच्या मर्जीवर, सगळं आधी ठरतं. मालक स्वतः सांगतो की मी तुमच्यावर जादा ओझं टाकणार नाही. काम त्यानंतर सुरू होतं.

फिक्हमध्येही इजारा म्हणजे मजुरीचा करार योग्य ठरण्यासाठी काम आणि मोबदला दोन्ही आधी माहीत असावे लागतात. "बघू, देऊ काहीतरी" हा करार नव्हे. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या ही शिकवण दुकानदारांनाही माहीत असते. तेव्हा पगार विचारायला लाजण्याचं कारण नाही. "आपल्या माणसाशी पैशाचं काय बोलायचं" हा संकोच शरीअतमधून आलेला नाही, तो आपणच लावून घेतलेला आहे.

कायदा काय सांगतो

बालकामगार कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे वयाचे तीन टप्पे लक्षात ठेवा.

१४ वर्षं पूर्ण झाली नसतील तर कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. सवलत मुख्यतः घरच्या कामधंद्याला आहे, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याचं काम नसेल तर. म्हणजे वडिलांच्या किराणा दुकानात संध्याकाळी बसणं चालतं, शेजारच्या हॉटेलात टेबल पुसणं चालत नाही. अशा मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

१४ पूर्ण ते १८ हे किशोरवय. या वयात काम करता येतं, पण खाणी, ज्वलनशील आणि स्फोटक पदार्थ आणि कारखाने कायद्याने धोकादायक ठरवलेल्या प्रक्रिया यांत नाही. दिवाळीच्या आधी फटाक्यांच्या स्टॉलवर पोरं लागतात, पैसेही बरे मिळतात. ते काम या वयात करायचं नाही, विषय संपला.

याच वयासाठी वेळेचेही नियम आहेत आणि ते फार थोड्या पालकांना माहीत असतात. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती. विश्रांती आणि वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाचा सगळा पसारा सहा तासांच्या आत. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी.

हे वाचून अनेक जण हसतील, कारण रमजानचा बाजार भरतोच इशानंतर. मुंबईत मोहम्मद अली रोडला, पुण्यात कॅम्पात आणि कोंढव्यात, मालेगावात, संभाजीनगरात, सगळीकडे चांदरातीपर्यंत दुकानं उघडी असतात आणि कपड्यांच्या, चपलांच्या, अत्तराच्या दुकानांना जादा हात लागतात. घरच्या गाळ्यावर वडिलांसोबत दोन तास बसणं वेगळं. पण १५-१६ वर्षांच्या मुलाला परक्या दुकानात रात्री दोनपर्यंत उभं करणं कायद्यात बसत नाही, आणि सहरीला उठून रोजा ठेवून सकाळी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या अंगालाही झेपत नाही. त्याच दुकानात दुपारी माल लावायला, किंमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायला, हिशेबाची वही लिहायला माणूस लागतो. ते काम मागा.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडच्या पालकांसाठी एक शब्द. यंत्रमागावरची बारा तासांची पाळी ही अर्धवेळ नोकरी नव्हे, मग ती "फक्त सुट्टीपुरती" असली तरी.

१८ नंतर हे वेळेचे नियम उरत नाहीत, आणि घरपोच डिलिव्हरीची कामंही त्यानंतरच. मोठ्या अॅपवाल्या कंपन्या १८ पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. काही मुलं मोठ्या भावाच्या किंवा चुलत्याच्या आयडीवर गाडी चालवतात. हे अजिबात होऊ देऊ नका. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल हा आणखी वेगळा विषय.

काम सुरू करण्याआधी एक प्रश्न

काम कशासाठी? घरात फीचे पैसेच नाहीत म्हणून, की मुलाला व्यवहार कळावा म्हणून? दोन्ही कारणं चांगली आहेत, पण वाट वेगवेगळी.

पैशाची अडचण असेल तर आधी शिष्यवृत्ती पाहा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मुलगा निवडला गेला तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. महिन्याला हजार रुपये झाले, आणि त्यासाठी एक तासही दुकानात उभं राहावं लागत नाही. बारावीनंतरच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर असते, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं ही कागदपत्रं तयार नसल्यामुळे जेवढी मुलं राहतात तेवढी गुण कमी पडल्यामुळे राहत नसतील. सुट्टीतला पहिला आठवडा तहसील कार्यालय आणि सेतू केंद्राच्या चकरांत गेला तरी चालेल.

पदवीला गेलेल्या मुलांसाठी "कमवा आणि शिका" आहे. ही कल्पना आपल्या महाराष्ट्राचीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केलं आणि गरीब मुलाने काम करून शिकायचं ही पद्धत रुजवली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ही योजना चालते आणि इतर विद्यापीठांतही तशाच योजना आहेत. कॉलेजच्याच आवारात, ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत रोज थोडे तास काम आणि तासाप्रमाणे पैसे. मोबदला बाजारापेक्षा कमी वाटेल, पण जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, तास कॉलेजच्या वेळापत्रकाला धरून असतात आणि परीक्षेच्या दिवसांत कोणी अडवत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आपली मुलं तिथे कमी दिसतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच की त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

कुठे काम मिळतं

पहिलं काम जाहिरातीतून क्वचित मिळतं. ते ओळखीतून मिळतं, आणि ओळख मशिदीच्या पायरीवर, नातेवाइकांत, शाळेच्या सरांकडे असते.

अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी माझ्या मते सर्वात चांगलं काम म्हणजे शिकवणी. तिसरी ते सातवीची चार-पाच मुलं, आपल्याच बिल्डिंगमधली, संध्याकाळी दीड तास. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना इथे मोठी मागणी आहे, कारण उर्दू आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं मराठी कच्चं राहतं आणि त्यांच्या आयांना घरी मदत करता येत नाही. गणित तर सगळ्यांनाच हवं. शिकवल्याने स्वतःचाही पाया पक्का होतो. ज्यांचं नाजरा कुरआन तजवीदसह चांगलं आहे त्यांना लहान मुलांचा सबक घेण्याचं कामही मिळतं, फक्त आधी मक्तबच्या मौलाना साहेबांना ऐकवून त्यांची परवानगी घ्यावी.

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याची दुकानं मे ते जुलै गर्दीत असतात. दाखले, प्रवेश, शिष्यवृत्ती, सगळे फॉर्म त्याच दिवसांत. टायपिंग येणाऱ्या मुलाला तिथे सहज घेतात, आणि दोन महिन्यांत त्याला सरकारी कागदपत्रांची अशी ओळख होते की पुढे घरादाराला उपयोगी पडते. लोकांची आधार, पॅन, ओटीपी हातात येतात, म्हणून अमानतीची जाणीव मात्र पक्की हवी.

कोकणात एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा मोसम. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे बागायतदार आणि व्यापाऱ्यांकडे आंबा निवडणं, आढी लावणं, पेट्या भरणं, पेटीवर खुणा करून हिशेब ठेवणं ही कामं असतात आणि ती बरोबर सुट्टीतच येतात. मुंबईहून गावी गेलेल्या मुलांनीही हे करावं. झाडावर चढण्याचं आणि रात्री ट्रक भरण्याचं काम मात्र मोठ्यांचं.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान, शिलाईचं दुकान, बेकरीचा काउंटर, पुस्तक-स्टेशनरीचं दुकान, अभ्यासिकेत टेबलावर बसून नोंद ठेवणं, ही कामंही ठीक. अभ्यासिकेत पैसे कमी, पण बसल्या बसल्या अभ्यास होतो. औषधाच्या दुकानात माल लावणं, बिल करणं चालतं. चिठ्ठी वाचून औषध देणं हे फार्मासिस्टचं काम आहे, ते मुलाने करू नये, सेठने सांगितलं तरी. गॅरेजला लागायचं असेल तर एक विचार करावा: तेच काम आयटीआयमध्ये शिकून किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून केलं तर हातात प्रमाणपत्र येतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे १४ वर्षांवरील मुलाला शिकाऊ म्हणून घेता येतं, धोक्याच्या कामांना १८ ची अट आहे, आणि त्यात विद्यावेतनही मिळतं. नुसतं "छोटू, पाना दे" करत चार वर्षं गेली तर कौशल्य येतं, पण ते कागदावर येत नाही, आणि आखाती देशात चांगल्या जागेसाठी कागद विचारतात.

घरून करण्यासारखंही पुष्कळ आहे. मोहल्ल्यातल्या दुकानांचे ईदचे पोस्टर, लग्नपत्रिका, छोटे व्हिडिओ संपादित करणं, दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळणं. मुलींसाठी मेहंदी हा ईदच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत चांगला धंदा आहे. मेहंदीचे कोन घरी बनवले तर फायदा आणखी वाढतो. केक, शीरखुर्म्याच्या सुक्यामेव्याची पाकिटं, शिलाई, दुपट्ट्यावरचं काम, यांत आई-खालांची मदत होते आणि मुलगी हिशेब शिकते.

हलाल-हरामचा प्रश्न कुठे येतो तेही आधीच पाहावं. दारू मिळते अशा हॉटेलात वाढपी म्हणून जाणं टाळावं. लग्नात केटररकडे जाताना पार्टी कसली आहे हे विचारावं. कर्जवसुलीचे फोन, ऑनलाइन जुगाराच्या अॅपची जाहिरात, या कामांत पैसे बरे दिसतात, पण ती आपल्यासाठी नाहीत. जिथे शंका वाटेल तिथे इमाम साहेबांना विचारा, मोबाइलवर फतवे शोधत बसू नका.

विचारायचं कसं

दुकानात गर्दी नसते त्या वेळी जा, सकाळी साडेदहा-अकराला किंवा दुपारी तीनला. कपडे साधे, स्वच्छ. सोबत चार मित्र नकोत. वडिलांनी आधी फोन केला असला तरी बोलायचं मुलाने स्वतः. काय बोलायचं याचा उगाच बाऊ करू नये.

"अस्सलामु अलैकुम चाचा. मी अमुक यांचा मुलगा. दहावीची परीक्षा दिली आहे. १० जूनपर्यंत सुट्टी आहे, तोपर्यंत काम पाहिजे. सकाळी दहा ते दुपारी तीन येऊ शकतो. हिशेब आणि टायपिंग येतं."

मुस्लिमेतर दुकानदार असेल तर नमस्कार काका, बाकी तेच. पाहा, एवढ्या बोलण्यात ओळख, वेळ, मुदत आणि काय येतं ते सगळं आलं. मुदत आधीच सांगितल्यामुळे जूनमध्ये निघताना कोणाचं मन दुखत नाही. नाही म्हणाले तर "ठीक आहे चाचा, कधी गरज पडली तर हा माझा नंबर" म्हणून चिठ्ठी देऊन यावं. पाच ठिकाणी नकार येतो तेव्हा कुठे सहाव्या ठिकाणी काम मिळतं.

जुम्याच्या नमाजचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. "शुक्रवारी दीड तास लागेल, हवं तर तेवढा वेळ शनिवारी भरून देईन." सरळ सांगितलं तर बहुतेक मालक मानतात. न सांगता गायब झालं तर कुरबुर होते, आणि ती आपल्या नावावर नाही, सगळ्या समाजाच्या नावावर जाते. स्कार्फ किंवा बुरख्याबद्दलही मुलीने आधीच विचारावं. जिथे कपाळाला आठी दिसेल तिथे हुज्जत न घालता दुसरं काम पाहावं.

ठरवताना

पगार महिन्याचा की रोजाचा? हजेरी कशी मोजणार? सुट्टीचे पैसे कापणार का? जेवण-चहा कोणाचा? वस्तू फुटली, गल्ला कमी आला तर काय? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण भांडणं त्यावरूनच होतात. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे, "दोन महिने आमच्याकडे जमा राहू दे" हे मान्य करू नका.

हे सगळं एका कागदावर चार ओळींत लिहून, नाहीतर निदान व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा: "चाचा, ठरल्याप्रमाणे उद्यापासून १० ते ३, महिना अमुक रुपये, १० जूनपर्यंत. शुक्रिया." समोरून नुसतं "ओके" आलं तरी पुरे. आणि वहीत रोजची तारीख, येण्याची आणि निघण्याची वेळ लिहायची. पगार अडकला तर ही वही कामी येते.

आधारची प्रत द्यावी, मूळ आधार आणि मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवू नये. अनामत रक्कम, ट्रेनिंगचे पैसे, गणवेशाचे पैसे आधी मागत असतील तर उठून यावं. "एक वर्ष सोडणार नाही, सोडल्यास इतके हजार भरीन" असा बाँड कोणी लिहून घेतला तर घाबरू नका: १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे मुळातच निरर्थक असतो, आणि १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यापासून हे पक्कं झालेलं आहे. पण त्यावर वडिलांनी जामीन म्हणून सही केली तर गुंतागुंत होते, तेव्हा पालकांनीही सही करू नये.

ऑनलाइन कामांचं जाळं

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथे मोठं होतं. टेलिग्राम-व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो: घरबसल्या रोज दोन हजार, फक्त व्हिडिओ लाइक करा. पहिले दोनशे रुपये खरंच खात्यात येतात. मग "प्रीमियम टास्क"साठी हजार भरा, मग पाच हजार. अम्मीच्या खात्यातून ते जातात आणि परत येत नाहीत.

त्याहून वाईट प्रकार खाते भाड्याने देण्याचा. कॉलेजच्या मुलांना सांगितलं जातं की तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला काही हजार घे, किंवा तुझ्या खात्यात पैसे येतील ते पुढे पाठव, टक्केवारी ठेव. ते पैसे कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात. पोलिस तपासात सर्वात आधी सापडतं ते खात्यावरचं नाव. ज्याने चोरी केली तो दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात, आणि चौकीत बसलेला आपला बारावीचा मुलगा. त्याचं खातं गोठतं, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येणारी असते ती अडकते, आणि गुन्ह्यात नाव आलं तर पासपोर्टच्या पडताळणीत, नोकरीत ते पुढे वर्षानुवर्षं निघत राहतं. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करता करता घर दमून जातं. मुलाला बसवून हे एकदा स्पष्ट सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजेने दोन दिवस लपवलं तर ती शक्यता संपते.

मुलींबद्दल, आणि मुलग्यांबद्दलही

कामाची जागा पालकांनी एकदा प्रत्यक्ष पाहून यावी. आत-बाहेर जायचा रस्ता, स्वच्छतागृह, अजून कोण कोण काम करतं, दुकान बंद झाल्यावर शटर खाली ओढून आत थांबवतात का. ही चौकशी मुलीसाठी सगळे करतात, मुलग्यासाठी कोणी करत नाही. ते चूक आहे. पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे आणि त्रास दोघांनाही होतो. मुलगा अचानक कामावर जायला नको म्हणत असेल तर "आळशी झाला" म्हणण्याआधी शांतपणे विचारा. मारहाण, शिवीगाळ, अंगाला हात लावणं, डांबून ठेवणं, यांपैकी काही असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आणि मुलीने कमावल्यावर "आता हिचे पैसे येतात, शिकून काय करायचं" अशी भाषा घरात सुरू होऊ देऊ नका. मेहंदी, शिकवणी हे शिक्षणाच्या सोबतीला आहे, शिक्षणाच्या जागी नाही.

किती तास, आणि पैसे कोणाचे

कॉलेज चालू असताना आठवड्याला दहा-बारा तास हे माझ्या मते फार झालं. परीक्षेच्या आधी दीड महिना पूर्ण बंद. राज्य मंडळाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि दरवर्षी फेब्रुवारीत वर्गशिक्षकांसमोर हात जोडणारे पालक दिसतात. दर महिन्याला कॉलेजमध्ये जाऊन मुलाची हजेरी विचारा. ती घसरली की काम थांबवायचं, हे पहिल्या दिवशीच मुलाशी ठरलेलं असावं.

अब्दुल कलाम लहानपणी रामेश्वरमला वर्तमानपत्रं टाकायचे, हे उदाहरण आपण सगळेच देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडी स्टेशनवर थांबेनाशी झाली तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले गठ्ठे गोळा करण्यासाठी त्यांच्या चुलत भावाला मदतनीस हवा होता. पण त्या गोष्टीतला अर्धा भाग आपण गाळतो: पेपर टाकून झाल्यावर ते शाळेत जायचे, आणि घरात कोणी त्यांना म्हटलं नाही की आता दोन जागी पेपर टाक, शाळा राहू दे.

पैशांसाठी मुलाच्या नावाचं खातं काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं काढता येतं, वरची मर्यादा बँक ठरवते. व्याजाची अडचण वाटत असेल तर त्या रकमेचं काय करायचं ते उलेमांना विचारून घ्या, पण त्यासाठी खातंच काढू नये असं करू नका. रोख पगार डब्यात ठेवला तर तो महिनाभरात कुठे गेला कळत नाही.

समजा महिन्याला तीन हजार मिळाले. दीड हजार पुढच्या फी-पुस्तकांसाठी बाजूला, हजार घरात, तीनशे स्वतःला, दोनशे सदका किंवा धाकट्या बहिणीला. आकडे तुमचे तुम्ही ठरवा. घरात दिलेले हजार अम्मीच्या हातात द्यायला सांगा. मात्र या पैशावर गॅसचं बिल किंवा भिशीचा हप्ता लावू नका, कारण एकदा घरखर्च मुलाच्या पगारावर बसला की जूनमध्ये त्याला कामावरून काढायचं धैर्य कोणात राहत नाही. शाळा सुटते ती बहुतेक इथे.

पगार बुडवला तर

आधी स्वतः दोनदा विचारा, मग वडिलांनी जाऊन विचारावं. मालक ओळखीतला असेल तर जमातच्या किंवा मशिदीच्या ट्रस्टींपैकी एखाद्या वजनदार माणसाला सोबत न्या, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात साध्या कागदावर तक्रार देता येते. वहीतल्या तारखा आणि तो व्हॉट्सअॅप मेसेज सोबत जोडा. वकील लागत नाही.

काम सोडताना किमान आठवडाभर आधी सांगा, दुकानाची किल्ली, आयडी, पासवर्ड परत करा, हिशेब पूर्ण करून घ्या. आणि सेठकडून त्यांच्या लेटरहेडवर तीन ओळी लिहून घ्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे हे काम केलं, वागणूक चांगली होती, सही, शिक्का. छोटं दुकान असेल तर बिलबुकाच्या कोऱ्या पानावर लिहून शिक्का मारला तरी चालेल. पुढचं काम मागायला जाताना तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीटच्या झेरॉक्ससोबत न्यायचा.